सोमाजीचा मासा

डॉल्फिन हा शब्द सुंदराबाईला ठाऊक होता, पण पाण्याच्या टँकरवरचा. भिका टँकरवाला कळंबच्या वरच्या वस्तीवर यायचा, त्याच्या टाकीवर एक निळा मासा रंगवलेला होता, चांगला दात काढून हसणारा, आणि खाली ठसठशीत अक्षरात डॉल्फिन. मासा कधी असा हसतो होय, हे तिला काही पटायचं नाही. पण पाणी गोड असायचं, म्हणून ती रंगवणाऱ्याला फार बोलायची नाही.

आता बोअरवेल दारात असताना ह्या माणसांना टँकर कशाला लागावा? तर ती आपल्या घरात राहतच नव्हती. वैशाखात तिचा नवरा सोमाजी गेला, तो नेमका धनिष्ठा नक्षत्रावर. ह्या नक्षत्रावर घरात माणूस गेलं की मागं आणखी चार नेतं, असं म्हणतात, आणि म्हणणारे काही थोडेथोडके नाहीत. सोमाजीबरोबर कणकेच्या पाच बाहुल्या जाळल्या, घराला कुलूप ठोकलं आणि बिऱ्हाड रानातल्या कांद्याच्या चाळीशेजारी पत्र्याच्या शेडात आलं. गुरुजींनी सहा महिने सांगितले होते. ते सरले, नक्षत्राची शांत झाली, तरी सुंदराबाई कनवटीची किल्ली काढायला तयार नव्हती.

कारण मधल्या काळात सोमाजीचा चुलतभाऊ गेणू गेला. ऐंशीच्या पुढचा माणूस, आपल्याच घरात, आपल्याच दम्यानं गेला. मग मेंढरांमागचा कुत्रा गेला. भिकानं टँकरचा पाइप सोडता सोडता हिशेब मांडला, "काकू, काका धरून तीन झालं. दोन ऱ्हायलं." कुत्रा धरला तर त्याची शेपटी तरी का सोडली, असं कुणी त्याला विचारलं नाही. सुंदराबाईच्या मनात मात्र ते दोन जाऊन बसले.

आणि अशातच हिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

हिरा तिची लेक, जुन्नरला शाळेत विज्ञान शिकवते. सातवा महिना लागलेला. शेडात आली, पत्र्यातून शिरणारा कार्तिकातला वारा पाहिला, परवा कणगीखाली निघालेल्या सापाची गोष्ट भावाकडून, भागूकडून ऐकली, आणि सरळ म्हणाली, "आये, किल्ली दे. मी घरात ऱ्हानार."

"न्हाई मिळायची."

"मंग इथं पत्र्याखाली बाळ आनू?"

"आन. पत्र्यानं कुनी मरत न्हाई. त्या नक्षत्राला अजून दोन पायजेत, हिरे. तू एक, आन तुझ्या पोटातलं एक. मी काय तुमाला त्याच्या तोंडात द्यू?"

हिरा शाळेत पोरांना ग्रहणात जेवायला बसवणारी बाई, पण आईची ही भीती पाहून तिनं किल्लीचा विषय सोडला. दोन दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. भागू बिचारा मधल्या मधे चहा करत राहिला.

तिसऱ्या दिवशी दिवस बुडाल्यावर सुंदराबाई नेहमीसारखी शेडाच्या मागं गेली. मंचरच्या अंगाला हायवेचा उजेड चढलेला होता, पण मावळतीकडं सगळं काळंभोर. तिनं वर पाहिलं, हात जोडले आणि पुटपुटली, "आज कांदा लावून झाला. पोर रुसलीय. तुमीच बघा काय ते." मागं हिरा येऊन उभी राहिलेली तिला कळलंच नाही.

"आये, कुनाशी बोलतीस?"

सुंदराबाई लाजली. ह्या वयात चोरी सापडावी तशी लाजली. "तुझ्या बाशी. त्यो बघ, त्यांचा मासा."

"कसला मासा?"

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा झाला. लग्न होऊन पहिलं वर्ष. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, घाटघरला शेवटचा मुक्काम आणि पहाटे नाणेघाट. खाली गेल्यावर एक दिवस सोमाजी तिला समुद्र दाखवायला घेऊन गेला. एवढं पाणी आणि मेंढराला एक घोट चालायचा नाही, ह्याचाच तिला राग आला होता. तेवढ्यात पाण्यातून काळीशार पाठ वर आली, म्हशीएवढी, तिनं भसकन श्वास सोडला आणि कमान करून आत गेली. पाठोपाठ एक इवलीशी पाठ. तीही तश्शीच श्वास सोडून आत. सुंदराबाईनं नवऱ्याचा दंड असा धरला की तिच्या बांगड्या वाढल्या. किनाऱ्यावरचा कोळी म्हणाला, गादा मासा हाय, पिलाला घेऊन आलाय. सोमाजी कितीतरी वेळ तिथून हलला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. धनगराचा गडी, लांडग्याला काठीनं हाणणारा, पण त्या दिवशी पोरासारखा बघत राहिला.

"आन अंधार पडल्यावर पालापाशी म्हनले, वर बघ. तिथं पन हाय." सुंदराबाईनं बोट दाखवलं. "त्या तीन चांदन्या, ती श्रवणाची कावड. तिच्या वरच्या अंगाला चार चांदन्यांची चौकट, आन ही बारकी शेपटी. दिवाळी झाली की सांजेला मावळतीला दिसतो. म्हनायचे, त्यो उतरतोय त्याच्या मागं मागं चालायचं, कोकन येतंय. जन्मभर त्याच्या मागं चालले ते. मी म्हनायची, काय बी सांगता राव."

बापानं हे कधी हिराला सांगितलं नव्हतं. तिनं मोबाईल काढून आभाळाकडं धरला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या बघायला पोरांना नेलं तेव्हा त्यांना दाखवायला घेतलेलं ते ॲप होतं. पडद्यावर चांदण्या उमटल्या, मग चांदण्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि त्या चौकटीवर एक चित्र आलं. कमान केलेली पाठ, लांब तोंड, वळलेली शेपटी.

सुंदराबाईनं चित्र पाहिलं, मग आभाळ पाहिलं. "अगं, ह्यो तर तोच."

"डॉल्फिन म्हनत्यात त्याला. लांबच्या देशातल्या लोकांनी बी ह्याला डॉल्फिनच म्हनलंय, आये. हजारो वर्सापास्नं. बानं समुद्रात बघितला तो डॉल्फिन, हा वरचा बी डॉल्फिन."

"आन भिकाच्या टँकरवरचा?"

"तो बी." हिराला हसू आलं. "तो खरा मासा न्हवंच. अंगावर पाजतो. पिलू पान्यात जन्मतं, पन त्याला श्वास वरच घ्यावा लागतो. मंग आई कवा कवा खालून ढुशी देऊन त्याला वर उचलती, पयल्या श्वासाला."

सुंदराबाईचा हात हिराच्या पोटाकडं गेला. कुठं पुणे जिल्ह्यातला मेंढक्या, कुठं समुद्रापारची माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, आणि आभाळातल्या चार ठिपक्यांत सगळ्यांना तेच जनावर दिसावं. तिला एकदम आभाळ फार मोठं वाटलं आणि त्याच वेळी फार ओळखीचं.

"ह्यातल्या एकेका चांदनीचा उजेड निघाला ना," हिरा म्हणाली, "तवा तुझी आज्जी बी जन्माला आली नव्हती. तो आत्ता इथं पोचतोय."

"एवढ्या लांबून चालत येतो?" सुंदराबाईनं हळूच विचारलं. चालणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

हिरानं मान हलवली, पण आता तिचा चेहरा बदलला होता. चित्राखाली काय लिहिलंय ते ती आधीच वाचून बसली होती. सांगावं की झाकावं, हे सुंदराबाईला लेकीच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"बोल की. काय झालं?"

"आये, रागावू नको. आपल्या पंचांगात ह्याच चांदन्यांना धनिष्ठा म्हनत्यात."

सुंदराबाईनं शेडाच्या पत्र्याला हात टेकला. सहा महिने रोज सकाळी तिनं धनिष्ठेच्या नावानं बोटं मोडली होती, तुझं तोंड काळं होवो म्हटलं होतं. आणि रोज सांजेला दिसेल तेव्हा त्याच चांदण्यांना हात जोडून नवऱ्याशी सुखदुःख बोलली होती. धनिष्ठा म्हणजे तिला पंचांगातली कुणी काळतोंडी बाई वाटायची. ती वर, उघड्यावर, रोज समोर असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नाही. ज्याला भिऊन घर सोडलं, त्याच्याच मागं सोमाजी आयुष्यभर बिनघोर चालला होता.

मग तिनं विचारलं, "म्हंजी ते गेले त्या पहाटं..."

"चंद्र तिथं व्हता. माशाच्या जवळ. धनिष्ठा नक्षत्र म्हंजी तेवढंच."

सुंदराबाईला ती पहाट आठवली. मावळतीच्या खिडकीपाशी सोमाजीची बाज. खोलीत चांदणं आलेलं. त्यानं उशीवरच मान वळवली होती आणि बाहेर वर काहीतरी बघत राहिला होता, तोंडावर तेच समुद्राकाठचं नवल. तिला वाटलं होतं, त्याला यम दिसला. सहा महिने ती त्या नजरेलाच भीत होती. आता ती तोंडाला पदर लावून रडली, अगदी लहान पोरीसारखी, आणि हिरानं तिला रडू दिलं.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं. "वळखीचा व्हता त्यो त्यांच्या. वळखीचा कोन घरात शिरून पोरं नेतो व्हय? त्या भिकाला उद्या सांगते, कुत्रं मोजतोय मेला."

भागूला हाक मारून तिनं बॅटरी घ्यायला लावली आणि तिघं बांधाबांधानं घराकडं निघाली. कुलूप गंजलं होतं, पण किल्ली फिरली. हिरा पुढं होऊ लागली तर सुंदराबाईनं तिला मागं सारलं आणि उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल स्वतः टाकलं. आत धूळ होती आणि बंद घराचा वास. तिनं अंधारात चाचपत मावळतीची खिडकी गाठली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"भागू," ती म्हणाली, "हिराची बाज हितं लाव. त्यांची व्हती तितंच."