चित्राखालचं नाव

"ही झोपलेली न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या.

मोनालीने टॅबलेटवरून मान वर केली. पुण्याच्या एका कलासंग्रहालयातून ती चित्रांची माहिती घ्यायला आज मांडवगणला आली होती. मुक्ताबाईंचे यजमान पोपटराव शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. ते वारल्यावर मुलाने, इंद्रजीतने, त्यांची सगळी चित्रं संग्रहालयाला देऊन टाकली. आता ती वेबसाइटवर चढली होती. गावोगावचे कलाशिक्षक आणि अभ्यासक घरबसल्या ती उघडून पाहत. त्यांत सगळ्यांच्या आवडीचं चित्र हेच, गोधडीवर कलंडलेली एक लहानशी मुलगी. खाली लिहिलं होतं, 'झोपलेली मुलगी'. रेषा कशी चालवावी ते शिक्षक याच चित्रावरून शिकवतात, असं मोनाली मघाशी कौतुकाने सांगत होती.

"माझी पोर हाय ही. गेल्यावर काढलीया."

शेजारी बसलेला इंद्रजीत चपापला. आपल्या जन्माआधी एक बहीण तापाने गेली हे आणि तिचं नाव, एवढंच तो ऐकून होता. "मला वाटलं, शाळंतली कुणाची तरी पोरगी आसंल," तो पुटपुटला.

मुक्ताबाईंनी हे चित्र कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी शिरूरहून डॉक्टरला घेऊन त्या जीपमधून उतरल्या, तेव्हा पोर संपली होती आणि मास्तर उशाशी बसून कागदावर पेन्सिल चालवत होते.

"पोरीचा हात सोडून पेन्सिल धरवली तरी कशी तुमास्नी?" त्या किंचाळल्या होत्या. मास्तरांनी कागद उलटा करून ठेवला. पुढे आयुष्यभर त्यांनी झाडं काढली, बैल काढले, भीमेचा काठ काढला; माणूस काढला नाही. आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या कुठल्याच चित्राकडे ढुंकून पाहिलं नाही.

"आजी, तुम्ही म्हणाल तर आत्ताच काढून टाकते," मोनाली गडबडून म्हणाली.

"थांब. जरा मोठं कर."

मोनालीने दोन बोटांनी चित्र मोठं केलं. गोधडीचे टाके दिसले, पोरीची मिटलेली मूठ दिसली. आणि कागदाच्या पार कडेला, त्या मुठीत, एक दांडगा अंगठा.

"हा हात कुणाचा, ते आम्हांला कळलं नव्हतं."

"ह्यांचा. डावा." मुक्ताबाई टॅबलेटवर वाकल्या. "सोडला नव्हता त्यांनी. मी मेली नुसता कागदच बघितला."

इंद्रजीतही पुढे सरकून तो अंगठा पाहू लागला.

"चित्र ऱ्हाऊ दे," शेवटी त्या म्हणाल्या. "पर खाली तिचं नाव लिव."

"आई, नाव नको," इंद्रजीत घाईने म्हणाला. "सारी दुनिया बघती. लोक काय म्हणत्याल आपल्या घराला? दुसरं कायतरी चांगलं सांग. कुणाला कळतंय?"

दोन मुलींच्या पाठीवर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा सासूबाईंनी ते नाव ठेवलं होतं. मुक्ताबाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

"नकुशी," त्या मोनालीला म्हणाल्या. "नकुशी पोपटराव. आमीच ठेवलं, आन् आता आमीच लपवू व्हय?"

इंद्रजीत उठून अंगणात गेला. मोनालीने आधीची अक्षरं पुसली, नवी लिहिली आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

मुक्ताबाईंनी तो मांडीवर घेतला. थोड्या वेळाने पडदा काळवंडायला लागला, तसं त्यांनी हळूच बोट टेकवलं. पोर पुन्हा उजळली. त्या तशाच बसून राहिल्या, मधूनमधून बोट लावत.