वेणीचं टोक

गेन्सला घरी जायला अकरा दिवस उरले होते आणि दोन वर्षांत त्याने एकाही माणसाला बाप्तिस्मा दिलेला नव्हता. एकालाही नाही! बरं, पोरगा आळशी म्हणावा तर तसंही नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, पांढरा शर्ट इस्त्री करायचा, छातीवर नावाची काळी पट्टी लावायची आणि डॅन्यूबकाठच्या या गंजक्या गावात दहा-दहा मजले चढून दारं वाजवायची. दारं तोंडावर आपटायची. कुणी कुत्रं अंगावर सोडायचं, कुणी म्हणायचं, "पुन्हा आलात का रे अमेरिकनांनो? घरी जा, आईला भांडी घासू लागा." सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या जोडीला टोलमन. वय एकोणीस, आयडाहोतल्या बटाटे पिकवणाऱ्याचा मुलगा, येऊन पाचच महिने झालेले. मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा मिशनरी कधी एकटा नसतो. दोघांनी बरोबर उठायचं, बरोबर जेवायचं, एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. नवराबायकोला इतका सहवास दिला तर आठवड्यात काडीमोड होईल. वर दोघांनाही म्हणायचं एल्डर, म्हणजे ज्येष्ठ. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे ज्येष्ठ!

या दोघांना एकच दार उघडं होतं, वेतुरिया आजीचं. वय चौऱ्याहत्तर, सूतगिरणीतून निवृत्त, चौथ्या मजल्यावर एकटी. उन्हाळ्यात पोरांनी तिचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घालून वर नेऊन दिला, तेव्हा तिने त्यांना आंबट बोर्शचं सूप पाजलं आणि म्हणाली, "आता बोला, तुमचा देव काय म्हणतो ते. सिलिंडर फुकट कोण उचलतं?"

पोरं बोलली. आजीने अर्धं ऐकलं, अर्धं सोडून दिलं. पण एका गोष्टीपाशी तिचा चमचा थांबला. मेलेली माणसं पुन्हा भेटतात, असं गेन्स म्हणाला. नुसती भेटत नाहीत, आईला तिचं लेकरू कायमचं मिळतं. त्याआधी बाप्तिस्मा मात्र व्हायला हवा, आणि तो शास्त्राप्रमाणे, माणूस अख्खा पाण्यात बुडवून, पूर्ण व्हायला हवा.

आजीची मिओरा नऊ वर्षांची असताना तापाने गेली होती. बत्तीस वर्षं आजी गावच्या पाद्र्याकडून, पोपाकडून, प्रार्थना म्हणवून घेत होती, तिच्या नावाने श्राद्धाच्या प्रसादासारखी गव्हाची गोड कोलिवा वाटत होती. पोपाने तिला धीर दिला होता, पण मुलगी परत हातात मिळेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. या पोरांनी सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक धडा संपला की तिचा तोच प्रश्न, "मग मिओरा भेटेल ना?"

"भेटेल, आजी," टोलमन म्हणायचा. त्याचा त्यावर पुरता विश्वास होता. हे लक्षात ठेवा, पोरगा लबाड नव्हता.

अडचण होती हौदाची. सभा व्हायची औषधाच्या दुकानावर भाड्याने घेतलेल्या एका खोलीत, तिथे बुडायला हौद कुठला! शहरातल्या चर्चमध्ये होता, पण तिथे जायला आगगाडीने चार तास, आणि आजीचा डावा गुडघा काठीसारखा ताठ.

"नदी आहे की," गेन्स म्हणाला.

"ऑक्टोबर संपत आलाय," टोलमन म्हणाला. "वसंतात करू."

"वसंतात मी कुठे असेन? तुझं काय जातं रे, तुला अजून दीड वर्ष आहे. मी घरी जाऊन बापाला काय सांगू, दोन वर्षं जिने मोजले म्हणून?"

टोलमनने आजीकडे पाहिलं. ती नाही म्हणेल अशी त्याला आशा होती. पण म्हातारी गेन्सच्याही वरताण निघाली. "चौऱ्याहत्तर वर्षं झाली मला. वसंताचा भरवसा कोण देतंय? येत्या शनिवारीच उरका."

मिशनच्या ऑफिसला विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं. म्हणून विचारलंच नाही.

शेजारच्या दिदिनाला कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून जिन्यात उभी राहिली. "वेतुरिया, अक्कल गहाण टाकलीस काय? जन्मल्याबरोबर बाप्तिस्मा झालाय तुझा! आता म्हातारपणी या पोकाईतांच्या नादाला लागून नदीत उड्या मारणार?" आमच्याकडे असल्या सगळ्यांना पोकाईतच म्हणतात, पश्चात्तापवाले. कोण कुठल्या पंथाचा हे बघायला वेळ कुणाला आहे?

"माझ्या लेकीसाठी मारतेय," आजी म्हणाली. "तुझ्या काय पोटात दुखतंय?"

शनिवारी आभाळ राखेच्या रंगाचं होतं. काठावर तीन-चार गळवाले मासे पकडत बसले होते. गेन्स पांढऱ्या कपड्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताला सांदूभाऊ, गोदीतला वेल्डर, गावातला सगळ्यात जुना मॉर्मन. उजव्या हाताला टोलमन. हे दोघे साक्षीदार. साक्षीदाराचं काम एकच, पण नेमकं. माणूस पूर्ण पाण्याखाली गेला की नाही ते बघायचं. पायाचं बोट, केस, कपड्याचं टोक, काहीही वर राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

टोलमनला हे लहानपणापासून माहीत होतं. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला दोनदा बुडवलं होतं, कारण पहिल्यांदा अंगठा वर आला. 'अर्धवट काम देवाला चालत नाही,' बाप म्हणाला होता. घरात तो किस्सा अजून हसत हसत सांगतात. तिथलं पाणी ऊन होतं, आणि बुडणारा पोरगा धष्टपुष्ट होता.

गेन्सने हात उंच करून शब्द म्हटले आणि आजीला पाठीवर झोकून पाण्यात घातलं. ती वर आली ती श्वास लागून, तोंडाचा आ करून.

"झालं!" सांदू म्हणाला.

"नाही," टोलमन म्हणाला. "डावा पाय वर आला होता." ताठ गुडघा, येणारच तो.

गेन्सने त्याच्याकडे असं पाहिलं की खाऊ की गिळू. पण आजीनेच विचारलं, "म्हणजे नाही झालं?"

"नाही, आजी."

"मग पुन्हा करा. माझ्या मिओराचा प्रश्न आहे. कच्चं काम नको."

दुसऱ्या खेपेला गेन्सने तिचा पाय आपल्या पायाखाली दाबून धरला. पाय बुडाला, पण पांढऱ्या झग्यात हवा भरली आणि त्याचा एक फुगा पाण्यावर तरंगत राहिला.

"कापड," टोलमन म्हणाला.

"अरे, कापडाचं काय घेऊन बसलास!" सांदू ओरडला. "बाई बुडाली ना? गोठेल ती!"

"कापडही बुडायला हवं. तुम्हाला माहितेय, सांदूभाऊ."

काठावरून एक गळवाला खिदळला. "काय रे पोरांनो, आजीला बुडवताय की विसळताय?"

आजीचे ओठ जांभळे पडले होते. दातांवर दात आपटत होते, बोलणं फुटत नव्हतं. तिने फक्त बोट वर केलं. आणखी एकदा.

तिसऱ्यांदा ती खाली गेली. पाय गेला, झगा गेला, हात गेले. पण दुसऱ्या खेपेला तिची वेणी पिनेतून सुटली होती. पांढरी, बारीक, उंदराच्या शेपटीएवढी वेणी. तिचं टोक, फार तर बोटभर, पाण्यावर राहिलं. टोलमनने ते डोळ्यांनी स्पष्ट पाहिलं. सांदू दुसऱ्या बाजूला होता, त्याला दिसणं शक्य नव्हतं. गेन्सने तर डोळे मिटले होते.

आजी वर आली. गेन्स बघत होता, सांदू बघत होता, आणि आजी, पापण्यांवरून पाणी गळत असताना, फक्त टोलमनकडे बघत होती.

"झालं," टोलमन म्हणाला.

गळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "तीनदा! आमचा पोपही पोराला तीनदाच बुडवतो. आता झाली आजी पक्की!" सगळे हसले. आजीसुद्धा कुडकुडत हसली. सांदूने तिला तीन ब्लँकेटांत गुंडाळलं, थर्मासमधला चहा पाजला आणि गाडीत घातलं. गेन्स ओल्या कपड्यांतच टोलमनच्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडला. टोलमनच्या डोळ्यांपुढून वेणी जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी आजीला खोकला लागला. पाचव्या दिवशी दिदिनाने ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. पोरं इस्पितळात पोचली तेव्हा दिदिना वॉर्डाच्या दारातच आडवी उभी होती.

"आता काय हवंय? अजून एकदा बुडवायचं राहिलंय का?"

"दिदिना," आतून आजीचा घरघरणारा आवाज आला, "त्या धाकट्याला सोड. एकट्याला."

गेन्स दारात थांबला. टोलमन खाटेजवळच्या स्टुलावर बसला. आजी उशीएवढी उरली होती. नाकावर प्राणवायूची नळी, आणि वेणी उशीवर, कुणीतरी नीट विंचरून घातलेली.

"तोलमान," आजी म्हणाली. ती त्याचं नाव असंच घ्यायची. "खरं सांग हं बाळा. तिसऱ्या खेपेला मी पूर्ण गेले होते ना?"

टोलमनची नजर उशीवरच्या वेणीवर गेली. त्याच्या धर्मात हे अजिबात क्षुल्लक नव्हतं. नाही म्हणावं, तर या बाईला आत्ता इथे, लेक मिळणार नाही म्हणून सांगायचं. हो म्हणावं, तर मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलायचं.

"हो, आजी," तो म्हणाला. "पूर्ण गेलात. एक केसही वर नव्हता."

आजीने डोळे मिटले. "वाटलंच मला. दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं. सांदू तर पहिल्यालाच झालं म्हणत होता. तू दोनदा नाही म्हणालास. मी गारठून मरत होते, तरी नाही म्हणालास." ती थांबली, श्वास गोळा केला. "म्हणून तुझं हो खरं."

तिने त्याचा हात थोपटला. टोलमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, आजी, एवढा विश्वास ठेवू नका हो माझ्यावर. पण ती झोपली होती, आणि झोपेत थोडी हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्याच दिवशी गेन्स निघाला. स्टेशनवर त्याचे डोळे सुजलेले होते. "निदान तिचं काम तरी आपण पुरं केलं," तो म्हणाला, आणि टोलमनने मान हलवली. नवा जोडीदार येईपर्यंत टोलमनला सांदूकडे राहायचं होतं.

अंत्यविधी दिदिनाने केला, पोप बोलावून, मेणबत्त्या लावून, सगळं रीतसर. आजी कुठल्या पंथाची म्हणून मेली यावर तिने कुणाला तोंड उघडू दिलं नाही. दफन झाल्यावर इमारतीखालच्या बाकावर सांदूने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बाप्तिस्म्याची नोंद. सांदूची सही झालेली होती.

"तुझी राहिलीय," तो म्हणाला. "कर आणि मोकळा हो."

टोलमनने पेन घेतलं नाही. "सांदूभाऊ, वेणी वर राहिली होती."

"कधी?"

"तिसऱ्या वेळी. मी पाहिली. मी खोटं बोललो."

सांदूने पुढे केलेलं पेन मागे घेतलं. "मग तेव्हाच का नाही बोललास, गाढवा? पहिल्या दोन वेळा तर मोठा सत्यवादी झाला होतास!"

"चौथ्यांदा बुडवलं असतं तर मेली असती ती."

"आणि आता काय जिवंत आहे?"

टोलमन रडायला लागला. रडतच म्हणाला, "मी सही केली तर झालं म्हणून लिहिलं जाईल आणि तिच्यासाठी पुन्हा कुणी काही करणार नाही. नाही झालं असं लिहिलं, तर वर्षभराने करता येईल. मग तिला मिओरा मिळेल. पण मग त्या दिवसाचं सगळं..."

"सगळं फुकट गेलं," सांदू म्हणाला. "तिन्ही वेळा."

"हो."

सांदूने कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. त्याने तरी काय केलं होतं? पहिल्यालाच झालं म्हणाला होता. त्याचं ऐकलं असतं तर कदाचित म्हातारी आज सूप ढवळत असती.

कोलिवाचं ताट घेऊन दिदिना बाकामागे कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिने कागदी ताटलीत दोन चमचे कोलिवा वाढून टोलमनपुढे धरली.

"घे. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी देतेय." त्याने घेतली, तरी ती हलली नाही. "वर्षभराने करता येईल म्हणालास. काय करता येईल?"

"बाप्तिस्मा," टोलमन म्हणाला.

"मेलेल्या माणसाचा?"

"हो. जर्मनीत आमचं मंदिर आहे. तिथे दुसरं कुणीतरी तिच्या नावाने पाण्यात उतरतं."

"आणि ते चालतं? तुमच्या देवाला?"

"चालतं."

"म्हणजे ती तशीच, घरी, तिच्या खाटेवर मेली असती, अजून पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, तरी तिला तिची पोर मिळाली असती?"

टोलमनने मान खाली घातली. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. गेन्सलाही माहीत होतं, सांदूलाही. तिघांपैकी एकालाही ते आठवलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

दिदिना ताट सावरून दोन पावलं गेली, आणि परत वळली.

"तिथलं पाणी गार असतं का रे?"

"नाही," टोलमन म्हणाला. "कोमट असतं."

दिदिनाने मान हलवली आणि ताट घेऊन जिन्यापाशी उभ्या असलेल्या बायकांकडे गेली.