कराचीच्या आपाची चादर

मित्रांनो, मी सोलापूरची चादर. जुनी झाले खरी, पण माझा रंग गेला असं कुणी म्हणून दाखवावं! वाईट एवढंच, की मला आजवर कुणी पांघरलंच नाही.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात दस्तगीर नावाच्या विणकरानं मला घरच्या मागावर विणलं. माझ्यामागोमाग ताण्याच्या त्याच उभ्या सुतांवर माझी जुळी बहीणही विणली. मागावरून उतरलो तेव्हा आम्ही दोघी मधल्या मोकळ्या सुतांनी जोडलेल्या होतो. अशी जोड कातरीनं कापली, की दोन चादरी होतात. एक दस्तगीरच्या घरासाठी होती, दुसरी त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. तिचं नाव खाजाबी, पण घरात सगळे तिला आपा म्हणत. लग्न होऊन ती कराचीला गेली होती, आणि त्या डिसेंबरात तेरा वर्षांनी माहेरी यायची होती. त्या घराची एक रीत होती. माहेरवाशिणीसाठी विणलेली जोड तिनं स्वतःच्या हातानं कापायची.

डिसेंबरात लढाई लागली. आपा आली नाही, पत्रंही बंद झाली. कडुनिंबाचा पाला घालून आम्हाला लोखंडी पेटीत ठेवलं, ते तीन वर्षं. भांडण दोन देशांचं, आणि कोंडलं कुणाला, तर आम्हाला!

चौऱ्याहत्तर साल सरता सरता दोन्ही सरकारांनी बोलणी करून टपाल पुन्हा सुरू केलं. पोस्टमन शिवपुत्र आपाचं पत्र नाचवतच दारात आला. दस्तगीरची बायको मलनबी आधी रडली, मग हसली. आपानं लिहिलं होतं, "छातीचं दुखणं हटत नाही. तुझ्या हातची चादर अंगावर पडली, तर माहेर भेटल्यासारखं होईल. पाठव."

"पार्सलबी घेत्यात की आता, दस्तगीरभाई. आजच बांधा," शिवपुत्र म्हणाला.

"न्हाय. टपाल सुरू झालं, उद्या गाडीबी सुरू हुईल. आपा हितं येईल, सोता कातर धरील. रीत म्हंजे रीत."

"रीत काय पळून चाललीय व्हय?" मलनबी चिडली. "लई आजारी हाय ती. मी कापते, तुमी बघू नका."

पण दस्तगीरला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या हट्टात माया होती, ते मला कळत होतं. तरी मला त्याचा राग यायचा, अजून येतो. आपा प्रत्येक पत्रात चादर मागायची, आणि हा लिहायचा, गाडी सुरू झाली की ये.

शहात्तरच्या पावसाळ्यात दोन देशांमधली आगगाडी खरंच सुरू झाली. दस्तगीरनं भिंतींना चुना दिला, कातरीला धार लावून आणली. मग एके दिवशी शिवपुत्र पत्र घेऊन आला. पत्र आपाच्या मुलीचं होतं. आपा गेली होती. शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारायची, "दस्तगीरची चादर आली का?"

दस्तगीर मागावर बसून लेकरासारखा रडला. कातर मलनबीनं चालवली. माझी बहीण माझ्यापासून सुटली, आणि तिला कापडात शिवून भाचीच्या पत्त्यावर पाठवलं. माझी घडी मोडायला मात्र घरात कुणाचा हात धजला नाही.

मित्रांनो, दोन शेजाऱ्यांची दिलजमाई एका दिवसात होत नाही. आधी खिडकी किलकिली होते, दार मागाहून उघडतं. खिडकीतून जे देता येईल ते त्याच दिवशी द्या. मान, रीत, मुहूर्त नंतर बघता येतात.

पुढं भाचीचं पोचपावतीचं पत्र आलं. तिनं चादर मिळाल्याची तारीख घातली होती. दस्तगीरनं मधले दिवस बोटांवर मोजले, पुन्हा मोजले, आणि पत्र खाली ठेवलं. सोलापूरहून कराचीला चादर अठरा दिवसांत पोचली होती.