वातींचा गुरुवार

"घरी काय सांगून आलीस?" मंगलाने विचारलं.

कीर्ति मान खाली घालून बसली होती. तिचा हा पहिलाच गुरुवार होता. "शिवणाच्या क्लासला जाते म्हणून," ती तमिळमध्ये पुटपुटली.

"मग दर आठवड्याला एक ब्लाउज शिवून न्यावा लागेल," मंगला म्हणाली, आणि खोलीतल्या बाकीच्या बायका हसल्या. "त्यापेक्षा वाती बऱ्या. कापूस स्वस्त, आणि देवाच्या कामाला कोणी कशाला म्हणून विचारत नाही."

कुंभकोणमच्या पोत्रामरै तळ्यामागच्या गल्लीत सरोजाक्काचं घर आहे. सरोजाक्का निवृत्त नर्स. एके काळी ती स्वतः दारू प्यायची, आणि त्यातून बाहेर आल्यावर तिने आपल्या घराची मागची खोली दर गुरुवारी दुपारी बायकांना उघडी करून दिली. कुणाची दारू, कुणाच्या गोळ्या. पुरुषांची अशी बैठक गावात फलक लावून भरते. बायकांना मात्र काहीतरी सांगून यावं लागतं, म्हणून सरोजाक्काने मधोमध कापसाची परात ठेवली. हात कामात असले की तोंडही उघडतं, असं तिला वाटे.

कीर्तिने कापूस बोटांत घेतला. बोटं थरथरत होती. पहिली वात वाकडीतिकडी झाली, मध्ये जाड, टोकाला केसाएवढी. ती ओशाळून टाकून द्यायला निघाली, तसा मंगलाने हात पुढे केला आणि ती वात कोनाड्यातल्या काचेच्या बरणीत ठेवली. त्या बरणीत प्रत्येकीची पहिली वात होती. मंगलाचीही होती, कीर्तिच्या वातीहून वाकडी.

सहा वर्षं झाली त्याला.

खरं तर मंगलाला वाती वळायला कोणी शिकवायला नको होतं. तंजावूरला माहेरी दुपारची जेवणं उरकली की तिची आई पदर खोचून ओसरीवर बसायची, गुडघ्याजवळ भस्माची वाटी, समोर सुपात पिंजलेला कापूस. रेडिओवर तमिळ बातम्या लागलेल्या आणि आई मराठीत शेजारणीची उणीदुणी काढते आहे, असा तो मजेचा कारभार असे. आईची वात एकसारखी, सरळ. लहानगी मंगला तिच्या मांडीला टेकून झोपायची. त्या दुपारींची आठवण आली की मंगलाला अजून कापसाचा वास येतो. त्याच मंगलाच्या हातून शेहेचाळीसाव्या वर्षी एक वात सरळ होईना, तेव्हा ती सरोजाक्काच्या खोलीत सगळ्यांदेखत रडली होती.

गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखण्यावर म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. एकाच दुकानातून रोज घेतल्या तर लोक ओळखणार, म्हणून मंगला टाउन बसने आज तिरुभुवनम्, उद्या दारासुरम्, परवा तिरुप्पनंदाळ अशी हिंडू लागली. या मुलखात बाई बसमध्ये चढली की ती देवळाला चालली आहे असंच लोक धरून चालतात. घरी सासूने, म्हणजे अम्माने, तेच धरलं. मंगलानेही तिची समजूत मोडली नाही. उलट परतताना बस-स्टँडजवळच्या दुकानातून विभूतीचं पाकीट घ्यायचं आणि त्या त्या देवळाची म्हणून अम्माच्या हातावर ठेवायचं, हा तिचा नेमच झाला. अम्मा विधवा, कुंकू नाही. संध्याकाळी दिवा लागला की ती कपाळ पुढे करी आणि मंगला विभूती लावी. आठ वर्षं.

"आमच्या मंगलेला देवाचें वेड आहे," अम्मा येईल त्याला आपल्या तंजावुरी मराठीत सांगे; त्या बोलीत अस्के म्हणजे सगळे. "असली सून अस्के जणांना मिळत नाही."

मग एक दिवस प्रसादाच्या पिशवीत मंगलाच्या नवऱ्याला, सेतूला, गोळ्यांची पाकिटं सापडली. सेतू भला माणूस, पण घाबरट. त्याने मंगलाला महिनाभर इस्पितळात ठेवलं आणि अम्माला सांगितलं, ती लेकीकडे चेन्नैला गेली आहे. परत आल्यावर गुरुवार सुरू झाले. अम्माला सांगितलं, मंगला वाती वळायला जाते.

इथे सगळं फसलं. सून दर गुरुवारी पिशवीभर वाती आणते आहे म्हटल्यावर अम्माने आपल्या मनाने ठरवूनच टाकलं की मंगलाने लक्षवातींचं व्रत धरलं आहे. तिने न बोलता वर्षभर वाट पाहिली, आणि मग एका सकाळी कॉफी पिता पिता म्हणाली, "कार्तिकांत उद्यापन करूं. वाध्यारांना सांगून झालें. तंजावूरहून तुझी भावजयसुद्धां येते. लाख वाती म्हणजे कांय थट्टा आहे?"

मंगलाच्या हातातला कॉफीचा टंबलर तसाच राहिला. उद्यापन म्हणजे वाध्यारांसमोर, भटजींसमोर, पाटावर बसायचं, हातात पाणी घ्यायचं आणि देवासमोर संकल्प सांगायचा. कसला संकल्प? तिला गोळ्या सोडून चौदा महिने झाले होते. तिला ठाऊक होतं, असं एक खोटं पोटात घेऊन त्या पाटावरून ती उठली, तर दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढेल.

"वाती आपण सगळ्या मिळून पुऱ्या करू," गुरुवारी हे ऐकून सरोजाक्का म्हणाली. "बाकीचं तुझं तूच ठरव."

मंगला अम्माला खरं सांगणार म्हटल्यावर सेतूने मात्र हात जोडले. "तिला ठाऊक नाही तेंच बेस आहे. ह्या वयांत तिला हें कशाला ऐकवतेस?"

तरीही मंगलाने सांगितलं. अम्मा मागच्या दारी शेवग्याचा पाला निवडत होती. मंगला तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"अम्मा, मी देवळाला जात नव्हतें."

"मग कुठें जात होतीस?"

"मेडिकल शॉपला. गोळ्यांसाठीं. मला गोळ्यांची सवय लागलेली. चेन्नैला नाही, मी इस्पितळांत होतें. आतां घेत नाही."

अम्मा पाला निवडत राहिली. तिने एवढंच विचारलं, "आणि ती विभूती?"

"बस-स्टँडजवळच्या दुकानांतली. पाकीट मिळतें."

अम्माचे हात थांबले. तिने ताट उचललं आणि ती आत गेली. गोळ्यांची लाज मंगलाला गुरुवारी बोलून बोलून थोडी सोसता येऊ लागली होती. पण त्या म्हातारीने आठ वर्षं डोळे मिटून पुढे केलेलं कपाळ तिला आठवलं, आणि त्या क्षणी तिला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

तीन संध्याकाळी अम्माने कपाळ पुढे केलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मंगला घराबाहेर पडली ती थेट बस-स्टँडवर आली. तिरुप्पनंदाळची बस इंजिन सुरू करून उभी होती. मंगलाने दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, चढा की. ती खाली उतरली आणि तिने सरोजाक्काला फोन लावला.

"तिथेच उभी राहा," सरोजाक्का म्हणाली. "हलू नकोस."

दहा मिनिटांत दारासुरम्‌हून शरण्या स्कूटरवर आली. ती विणकरांच्या घरातली. गुरुवारी सगळ्यांत भराभर वाती वळायची ती तीच. तिने काहीही विचारलं नाही. दोन कॉफ्या सांगितल्या. दोघी उभ्या उभ्या कॉफी प्यायल्या आणि समोरून ती बस निघून गेली. मग मंगलाने त्याच जुन्या दुकानातून विभूतीचं एक पाकीट घेतलं.

संध्याकाळी दिवा लावून ती पाकीट हातात धरून उभी राहिली. अम्मा खांबाला टेकून बसली होती.

"ही कुठली?" अम्माने विचारलं.

"त्याच दुकानांतली. आज मी बसमध्यें चढत होतें, अम्मा. चढलें नाही."

अम्माने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. "लाव."

मंगलाने विभूती लावली.

"वाती किती झाल्या?" अम्माने डोळे न उघडताच विचारलं.

"एकोणचाळीस हजार."

"उरलेल्या कधीं होणार? इकडे आण कापूस. माझ्या हाताला अजून कांपरें नाही."

कार्तिकात उद्यापन झालं. संकल्पाच्या वेळी वाध्यारांनी यजमानीण बाईचं नाव विचारलं, तशी अम्मा मागून म्हणाली, "ज्यांनीं वळल्या त्या अस्क्यांचीं नांवें घ्या." वाध्यार जरा घुटमळले, पण अम्मापुढे कोणाचं काही चालत नसे. मंगला, सरोजा, शरण्या, अशी नावं त्यांनी एकेक करून घेतली. कोण या बायका, म्हणून भावजयीने विचारलं. "माझ्या मैत्रिणी," मंगला म्हणाली. तुपात भिजलेल्या वातींचा ढीग पेटला तेव्हा सेतू खांबाआड उभा राहून डोळे पुसत होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी अम्मा विचारी, "आज कुठली?" कधी मंगला खरोखरच देवळात गेलेली असे, तेव्हा ती देवळाचं नाव सांगे. नसे तेव्हा दुकानाचं. अम्मा दोन्ही वेळा सारखंच कपाळ पुढे करी.

आज गुरुवार आटोपून मंगला घरी आली. निघताना तिने कीर्तिला आपला नंबर लिहून दिला होता. केव्हाही कर, म्हणाली, मी बस-स्टँडजवळच राहते. तिने हातपाय धुतले, दिवा लावला. खांबाजवळची जागा मोकळी होती. गेल्या वर्षी चैत्रात अम्मा गेली.

भिंतीवरच्या फोटोसमोर मंगला उभी राहिली. डब्यातली चिमूटभर विभूती घेऊन तिने काचेवर, अम्माच्या कपाळावर, बोट टेकवलं.

"दुकानांतली आहे, अम्मा," ती म्हणाली.