गौरीमागच्या बायका

लॉकडाऊनच्या त्या वर्षी परदेशातल्या, केलीव्हिलच्या घरात गौर तर बसली, पण दर्शनाला येणार कोण? म्हणून नचिकेतने झूमवर दर्शन ठेवलं आणि सजावटीला आपला खजिना बाहेर काढला. ऑनलाइन लिलावांतून हौसेने जमवलेली जुनी जपानी पोस्टकार्डं. सगळ्या किमोनोतल्या बायका, कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या पंखा. गौरीमागची अख्खी भिंत त्याने त्या कार्डांनी भरली. वर तेरा वर्षांच्या लेकीला, ईशानीलाही किमोनो मागवून दिला. त्याच्या बायकोला, नीलिमाला ते खटकलं होतं, पण सणासुदीला कटकट नको म्हणून ती गप्प बसली.

दर्शन सुरू झालं. नचिकेत फोन घेऊन भिंतीपाशी गेला आणि एकेक कार्ड दाखवू लागला.

"थांब थांब, मागे घे," जवळच्याच क्वेकर्स हिल उपनगरातला त्याचा मित्र पद्माकर ओरडला. "पंखावाली माझी. बुक!"

"मग छत्रीवाली मला पार्सल कर, मेट," दुसरा कुणीतरी म्हणाला.

बाप्ये खिदळले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकाही हसल्या. नीलिमाला शिसारी आली. घरची लेक म्हणून पावलं काढून जिला आत आणली, तिच्या पाठीमागे हा बाजार! आणि तो मांडणारा आपला नवरा. लाजबीज सोडाच, तो कॅमेरा आणखी जवळ नेत होता.

तेवढ्यात ईशानी नैवेद्याचं ताट घेऊन आली. कॅमेरा कार्डांवरून सरकत सरकत तिच्यावर येऊन थांबला.

"अरे वा, ही तर लाइव्ह आहे!" पद्माकर म्हणाला.

सगळे हसले. नचिकेतही हसला. "नॉट फॉर सेल, मेट," तो म्हणाला. ईशानीसुद्धा ओठ ताणून हसली. ताट खाली ठेवून तिने किमोनोचा गळा मुठीत आवळला.

नीलिमा पुढे झाली. तिने नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावला.

"पद्माकर, हिच्या बारशाला हिला मांडीवर घेऊन बसला होतास तू. किळस येते मला तुझी. आणि हिच्या बापाची त्याहून जास्त."

तिने फोन बंद केला.

"अगं, मस्करी चालली होती," नचिकेत म्हणाला. "काय म्हणतील लोक?"

ती कार्डं भिंतीवरून ओरबाडू लागली. पंखावाली हातात आली, तशी थबकली. बाई कसली, पोर होती ती, ईशानीच्याच वयाची. ओठ तसेच ताणलेले.

"तू का हसलीस गं?" तिने लेकीला विचारलं.

"डॅडने आधीच सांगितलेलं," ईशानी म्हणाली. "कोणी काही बोललं तरी, जस्ट स्माइल."