माझ्या मुठीवरच्या दातांच्या खुणा

मी एक जुना, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर आहे. पण मित्रांनो, नावावर जाऊ नका. आयुष्यात स्क्रू मी फार थोडे पिळले. माझं खरं काम ऐकण्याचं.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझं पोलाद लाकडी मुठीच्या पार शेवटपर्यंत नेलं. त्यामुळे टोकाला जे कळतं, ते मुठीलाही कळतं. मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी हा गुण लगेच हेरला. गाडी स्टँडवर लावून ते इंजिन चालू करत, माझं टोक गिअरबॉक्सवर टेकवत, मूठ कानाशी धरत आणि डोळे मिटून घेत. गिअर झिजलाय, बेअरिंग गेलंय की नुसतंच ऑइल कमी पडलंय, ते मी सांगायचं आणि कौतुक मिस्त्रींचं व्हायचं. लोक त्यांना कानसेन म्हणत. कुणी तसं म्हटलं की ते मला पुसून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. शेजारच्या पान्ह्यांना ते मुळीच बघवत नसे.

गॅरेजात मिस्त्रींची बायकोही बरोबरीने काम करते. सगळी गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनींचा हात मोठा सफाईदार, पण त्यांना एक खोड आहे. दोन्ही हात गुंतले की हत्यार सरळ दातांत धरायचं! मिस्त्री ओरडत, "अगं, हत्यार आहे ते, गाजर नव्हे!"

पुढे मिस्त्रींचे कान हळूहळू मंद झाले. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कुणी काही बोललं की ते मान हलवून "बरं, बरं" म्हणत. एकाने विचारलं, "गाडी कधी मिळेल?" तरी उत्तर तेच. बिचारा गाडीकडे बघत उभाच राहिला.

अशात एक नर्सबाई आपली मोटारसायकल घेऊन आल्या. त्या डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जाऊन आजाऱ्यांना बघत. न्यूट्रलमध्ये उभी असताना त्यांची गाडी घर्रर्र करायची आणि क्लच दाबला की गप्प व्हायची. मिस्त्रींनी ऑइल काढलं, तर त्यात चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. म्हणजे आत काहीतरी झिजत होतं. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

मिस्त्रींनी मला कानाला लावलं. मी जीव तोडून सांगत होतो, पण त्यांच्यापर्यंत काही पोचेना. अखेर त्यांनी अंदाजाने गिअरबॉक्स उघडला, एक गिअर बदलला आणि सगळं पुन्हा बंद केलं. नर्सबाईंनी गाडी सुरू केली.

"मिस्त्री, ही तर अजून तसंच गातेय!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "या स्क्रूड्रायव्हरला गंज चढलाय," असं म्हणून त्यांनी मला भंगाराच्या डब्यात टाकलं. नाचता येईना, अंगण वाकडं! वाकड्या खिळ्यांमध्ये पडल्या पडल्या मी मनातल्या मनात खूप भांडलो.

नर्सबाई गाडी तिथेच ठेवून गेल्यावर मिस्त्री वहिनींना म्हणाले, "ज्याला गाडी ऐकू येत नाही, त्याने गाडी उघडू नये. ही दुसरीकडे पाठव. मग आपण शटर ओढू." ते ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्याबरोबर ते स्वतःलाही भंगारात काढायला निघाले होते, आणि मला फार वाईट वाटलं.

"सगळं तुम्हीच ठरवा!" वहिनी फणकारल्या. त्यांनी गाडी चालू केली आणि क्लचच्या वायरीचा स्क्रू बघायला भंगारातून मलाच उचललं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताखाली क्लचचा खटका. मग काय, मी दातांत! त्या वाकल्या आणि माझं टोक गिअरबॉक्सला टेकलं.

वहिनी केवढ्या दचकल्या! त्यांनी मला तोंडातून काढलं. "अहो, हा माझ्या डोक्यात बोलतोय!"

"बरं, बरं," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, मला पदराने पुसलं आणि त्यांच्या तोंडापुढे धरलं. "चावा!"

मिस्त्री चावले. माझं टोक आधी क्लचच्या बाजूला टेकलं, तिथे नुसती गुणगुण होती. मग ते चेनच्या बाजूला गेलं. खर्र, खर्र, खर्र! मी सांगत होतो ते त्यांच्या दातांतून थेट आत पोचत होतं. मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि मी तोंडात असतानाच ते हसायला लागले. माझी मूठ लाळेने भिजली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी तर आनंदाने थरथरत होतो.

गिअरबॉक्स पुन्हा उघडला. चेनच्या बाजूच्या बेअरिंगच्या एका गोळीवर तिळाएवढा खड्डा होता. हाताने फिरवताना ते बेअरिंग लोण्यासारखं फिरे, भार पडला की मात्र कुरकुर करी. नवं बेअरिंग बसलं, नवं ऑइल पडलं. नर्सबाई आल्या, त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली आणि क्लच सोडला. घर्रर्र नाही की काही नाही! त्या हसून काहीतरी बोलल्या.

मिस्त्रींनी मान हलवली नाही. ते म्हणाले, "बाई, जरा मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं."

शटर आजही रोज उघडतं. मी माझ्या खिळ्यावर परत आलोय आणि माझ्या मुठीवर दातांच्या खुणा आहेत. खोल आहेत त्या मिस्त्रींच्या, बारीक वहिनींच्या. पान्हे हसतात, हसू देत.

मित्रांनो, गाडीचं ऑइल वेळेवर बदला आणि नव्या आवाजाकडे कानाडोळा करू नका. चालू गाडीजवळ तोंड मात्र नेऊ नका, ते मिस्त्रींचं काम आहे. आणि घरात कुणी सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणत असेल, तर हसू नका. जवळ बसा आणि पुन्हा सांगा.

आता मिस्त्री मला दिवसभर तोंडात धरून फिरतात. काम नसलं तरी धरतात. वहिनी त्यांच्या कानाशी येऊन ओरडतात, "अहो, हत्यार आहे ते, गाजर नव्हे!"

मिस्त्रींना ते अगदी स्वच्छ ऐकू येतं. ते मला दातांत तसंच ठेवून म्हणतात, "बरं, बरं."