वाट क्रमांक चारवरची हरकत

"हा कोण उपटसुंभ?" मी मोठ्यानं विचारलं.

राखीवाच्या फाटकाजवळच्या बोर्डावर ताजी नोटीस लावली होती. राखीव म्हणजे आमच्या वस्तीमागचं राखीव जंगल. आम्ही रोजचे फिरणारे त्याला नुसतं राखीवच म्हणतो. तिथल्या चार पायवाटांना स्थानिक निसर्गरक्षकांची नावं द्यायचं ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, असा मजकूर होता.

हरकत हा शब्द दिसला की माझे कान टवकारतात. नोकरीभर शाळेच्या ऑफिसात बसून मी दुसऱ्यांचे अर्ज तपासले, निवृत्त झाल्यापासून स्वतःचे लिहिते. रस्त्याविरुद्ध लिहिलं, भोंग्याविरुद्ध लिहिलं, आणि तळ्याशेजारच्या खाणीविरुद्ध तर नऊ वर्षं लिहिलं. इथं मला हरकतबाई म्हणतात. आमच्यात नावानं कोणी कोणाला हाक मारतच नाही. रोपवाल्या बाई आहेत, पक्षीडॉक्टर आहेत, तळ्यावर वॉशरदादा आहेत, आणि मी आहे.

नोटिशीतलं पहिलं नाव रोपवाल्या बाईंचं होतं. त्या माझ्या मुख्याध्यापिका, त्यामुळे नाव मला पाठ. दुसरं पक्षीडॉक्टरांचं, ते त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर रोज दिसतं. तिसरं वणव्यात गेलेल्या वनरक्षकाचं, त्याबद्दल कोण काय बोलणार? चौथं नाव मात्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि वाट कोणती, तर तळ्याची. नऊ वर्षं ज्या तळ्यासाठी मी चपला झिजवल्या, नेमकी तीच.

शेजारी वॉशरदादा उभे होते. पाणीपुरवठ्यात पंपांचे मेकॅनिक होते ते. खिशात कायम रबरी वॉशर, कुठं गळका नळ दिसला की बसलेच उकिडवे. तेव्हापासून लोक त्यांना वॉशर म्हणतात. बोलणं अगदी कमी. आज अंगात कोरा शर्ट होता, छातीवर घडीची रेघ तशीच.

"काय हो, नवा शर्ट? लग्नाला निघालात की काय?"

"लेकीनं आणलाय. आजच घाला म्हणाली."

"बरं, हे वाचलंत का?"

"वाचलं."

"चौथं नाव बघा. ऐकलंय कधी?"

त्यांनी खिशातून एक वॉशर काढला आणि बोटावर फिरवत राहिले. "असेल कोणीतरी."

"कोणीतरी कसं चालेल? आज नाव देतील, उद्या त्या नावाचं फाटक बसवतील, परवा तळ्याकाठी हॉटेल उभं राहील. ही माणसं फुकट कोणाला नमस्कार करत नाहीत."

"नाव वाईट आहे का, बाई?"

"नावाचं काय घेऊन बसलात? माणूस कोण ते सांगा!"

त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तोवर मी नोटिशीचा फोटो काढून फाटकाबाहेरसुद्धा पडले होते.

घरी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला.

"अगं, चार माणसांना चांगलं म्हणतायत. म्हणू दे की."

"तीन माणसांना. चौथा कोण आहे?"

"तुला काय करायचंय?"

"पाणी कुठंतरी मुरतंय."

"तळं आहे ते. मुरणारच," असं म्हणून हे पुन्हा शब्दकोड्यात शिरले.

हसा म्हटलं, हसा. मी चौकशीला लागले. पोस्टमनला गाठलं. त्यानं आठवून आठवून सांगितलं, की हे नाव आमच्या बाजूला नाही, नदीपलीकडं असलं तर दुसरा पोस्टमन बघतो. नदीपलीकडं कोण राहतं? राखीवाचं हे फाटक ज्यानं बसवलं तो ठेकेदार! मग लोखंडाच्या दुकानात सहज म्हणून विषय काढला, तर कळलं की ठेकेदाराच्या सासऱ्याचं आडनाव हेच. पहिलं नाव दुकानदाराला आठवत नव्हतं, पण मला आणखी काय हवं होतं? राखीवाच्या ऑफिसात वर्षापूर्वी एक नवी अधिकारी आली होती, माझ्या लेकीच्या वयाची, सारखी हसणारी. एवढी हसते म्हणजे काहीतरी लपवते, हे मी तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं. आता सगळे धागे जुळले.

त्या दुपारी मी हरकत लिहिली. पाच वेळा खोडली, पाच वेळा लिहिली. शेवटी जे उतरलं ते मला अजून पाठ आहे: "वाट क्रमांक चारसाठी प्रस्तावित व्यक्ती परिसरातील कोणासही परिचित नसून, राखीव क्षेत्रासाठी त्यांनी कोणतेही कार्य केल्याचे आढळून येत नाही." ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तुझ्या तावडीत सापडला बिचारा." मला ते कौतुकच वाटलं.

सह्यांना वेळ लागला नाही. पक्षीडॉक्टरांनी नाव वाचलं, खांदे उडवले आणि पहिली सही ठोकली. रोपवाल्या बाई म्हणाल्या, "तू म्हणतेस म्हणजे बघूनच म्हणत असशील." दोन दिवसांत सोळा झाल्या. सतरावी वॉशरदादांची घ्यायला मी तळ्यावर गेले.

ते बांधावर पालथे पडून पाण्यातल्या मोजपट्टीवरचं शेवाळ ब्रशानं घासत होते. तळ्यात एक लोखंडी मोजपट्टी उभी आहे. तिच्यावर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे काम ते कोणी न सांगता करायचे. मी कागद पुढं केला. ते उठून बसले आणि ओळीखाली बोट धरून सगळा मजकूर वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला घाई होती, माझं एक पाऊल परतीच्या वाटेवरच होतं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "'आढळून येत नाही.' असंच लिहायचं असतं का?"

"सरकारी भाषा अशीच असते."

"सगळ्यांनी केल्या सह्या?"

"सोळा झाल्या."

"डॉक्टरांनी पण?"

"त्यांची तर पहिली! तुम्हाला काही शंका आहे का? असेल तर सांगा."

ते पाण्याकडं बघत बसले. मला वाटलं, ठेकेदाराला घाबरतात. साधा माणूस, नदीपलीकडंच राहतो, उद्या तोंड दाखवायचं असतं. मी म्हटलंसुद्धा, "घाबरू नका हो, मी आहे ना."

"पेन द्या," ते म्हणाले. हात पँटला पुसले आणि सही केली. त्यांची सही म्हणजे वाकडी तार. एक अक्षर लागेल तर शपथ. मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि निघाले.

दीड महिन्यानं पत्र आलं. हरकत मान्य. वाट क्रमांक चारला नाव देण्याचा प्रस्ताव रद्द. मी ते पत्र ह्यांच्या शब्दकोड्यावर ठेवलं, चहा केला, आणि साडी बदलून राखीवाच्या ऑफिसात गेले. जिंकल्यावर समोरच्याचं तोंड बघायची मला हौस आहे, लपवून काय उपयोग?

अधिकारी बाई टेबलाशी होती. आज हसत नव्हती.

"मिळालं पत्र?" तिनं विचारलं.

"मिळालं. आता तरी सांग, कोण होता तो? ठेकेदाराचा सासरा ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "बाई, तुम्ही माझी थट्टा करताय का?"

"थट्टा कसली? सरळ विचारतेय."

ती उठली, कपाट उघडलं आणि वह्यांचा एक गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. निळ्या पुठ्ठ्याच्या, पाण्यानं फुगलेल्या वह्या. मी त्या लगेच ओळखल्या. खाणीच्या प्रकरणात ह्याच वह्यांच्या प्रती मी स्वतः अर्जाला जोडल्या होत्या. खाणीमुळं तळं आटतंय हे ह्याच आकड्यांनी सिद्ध झालं होतं.

"मी इथं आले तेव्हा ह्या वाचल्या," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं, रोज एक ओळ. तापाची सुट्टीसुद्धा लिहिलीय, त्या दिवशी मुलीनं पातळी बघितली. म्हटलं, कोण हा माणूस? नाव कुठंच नाही, नुसती सही. मग पाणीपुरवठ्याच्या जुन्या यादीतून शोधून काढलं. फोन केला तेव्हा मुलगी होती फोनवर. रडायलाच लागली. म्हणाली, बाबांना नवा शर्ट आणते."

"म्हणजे वॉशरदादा?"

"वॉशर कोण?" तिनं विचारलं.

मी वह्यांच्या गठ्ठ्याकडं बोट दाखवलं. तिनं माझा अर्ज काढला, सह्यांचं पान उघडलं आणि वहीच्या पानाशेजारी ठेवलं. सतरावी सही आणि वहीतली सही. तीच वाकडी तार.

"मी तुमची हरकत फेटाळणार होते," ती म्हणाली. "मग ही सही दिसली. वाटलं, त्यांनाच नको असेल. ज्याला मान द्यायचा तोच नको म्हणतोय, तिथं मी काय करणार?"

"मी हरकत मागं घेते. आत्ताच्या आत्ता लिहून देते."

"आदेश निघालाय, बाई. आता पुढची यादी पाच वर्षांनी."

वॉशरदादांना चौऱ्याहत्तरावं चालू होतं. ऑफिसातून तळ्यापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. मला ती संपता संपेना. एकोणीस वर्षं रोज भेटलेला माणूस, आणि मी त्याला एकदाही नाव विचारलं नाही. ठेकेदाराच्या सासऱ्याचं आडनाव शोधायला मात्र पोस्टमन गाठला, लोखंडाचं दुकान गाठलं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

ते नेहमीच्या जागी होते. अंगात तोच शर्ट. घडीची रेघ केव्हाच गेली होती, कोपराला चिखल होता, आणि खिशावर वॉशरची काळी गोल खूण उमटली होती.

"या, बाई," ते म्हणाले. "आज दोन बोटं वाढलंय पाणी."

"दादा, सही का केलीत?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. "तुम्ही मागितलीत. नाही कसं म्हणायचं?"

"सांगायचं नाही का? एका शब्दानं सांगायचं! मी मेली बडबडत सुटते, पण मला गप्प करायचं की!"

"सांगणार होतो पहिल्या दिवशी. तुम्ही घाईत होतात." त्यांनी ब्रश बांधावर आपटून झाडला. "मग तो कागद वाचला. कोणी ओळखत नाही, काही काम केलेलं नाही. म्हटलं, बाई खोटं कधी लिहीत नाहीत. आणि खाली डॉक्टरांची सही, रोपवाल्या बाईंची सही. एवढ्या लोकांना वाटतंय, तर असेल तसं. मी तरी काय केलं? पट्टी वाचली."

मी रडले. त्यांच्यासमोर, उघड्या बांधावर, पदर तोंडाला लावून. ते बिचारे गडबडून गेले, पाण्याची बाटली पुढं केली. मग काही सुचेना म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आजची ओळ तुम्ही लिहिता का? हात ओले आहेत माझे."

मी बांधावर बसले. तारीख लिहिली. त्यांनी पातळी सांगितली, ती लिहिली. शेवटचा रकाना होता, नोंद घेणाऱ्याचं नाव. वरपासून खालपर्यंत त्यात वाकड्या तारा. मी तिथं त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, नोटिशीत होतं तसं, सुवाच्य अक्षरात, आणि वही त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी लांबून वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग जरा पुढं वाकून, "आडनावाला दुसरी वेलांटी आहे. पण चालतंय."

"नोटिशीत तर पहिली होती."

"तिथं चुकलं होतं."

"अहो, मग तेव्हाच हरकत घ्यायची!"

ते हसले. मी पहिली वेलांटी खोडली, दुसरी काढली, आणि ऑफिसातल्या सवयीनं त्या खाडाखोडीशेजारी माझी छोटी सही केली.